वेदीवरचा नांगर

जळगावच्या भांडेबाजारात बसून मी चाळीसेक वर्षं लोकांची नावं कोरली. लग्नातल्या हंड्यांवर, बारशाच्या वाट्यांवर, मेलेल्या माणसांच्या आठवणीत देवळाला दिलेल्या समयांवर. आता दुकान पुतण्या बघतो. त्याने कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आणलंय. ते दहा मिनिटांत हंडाभर नक्षी काढतं आणि दमत नाही. मी समोर खुर्ची टाकून बसतो आणि गिऱ्हाइकांना चहा विचारतो. कधी एखादी बाई जुना तांब्या घेऊन येते आणि म्हणते, "चाचा, हे हातचं काम दिसतंय." मग मला दिवसभर जेवण गोड लागतं.

बाहेरच्या माणसाला आमचं काम म्हणजे पत्र्यावर लिहिणं वाटतं. तसं ते नाही. आधी पत्र्याखाली राळ ओतायची. गरम असताना ती मेणासारखी मऊ असते, थंड झाली की पत्रा घट्ट धरून ठेवते, पण घावही सोसते. मग वर खडूचं पाणी फिरवून पेन्सिलीने चित्र काढायचं आणि कलम लावून हातोडीने ठोकत जायचं. कलम म्हणजे बोटभर लांबीची पोलादी छिन्नी. माझ्याकडे एकतीस कलमा होत्या, प्रत्येकीचं टोक वेगळं. पानाच्या शिरेची वेगळी, पाकळीच्या कडेची वेगळी. हात आणि श्वास एका लयीत चालले तर रेघ वाहते. शिंक आली तर काम गेलं.

या धंद्यात माणसाला एक गोष्ट लवकर कळते. नक्षी ही नुसती शोभा नसते. कोण सगळ्यात वर, कुणाची रेघ सगळ्यात खोल, कुणाचं नाव देवाच्या किती जवळ, हे ठरवण्यासाठी लोक भांडतात. जामनेरकडच्या एका गृहस्थाने देवळाच्या घंटेवर स्वतःचं नाव देवापेक्षा मोठं घालून घेतलं होतं. मी दबकत विचारलं, तर म्हणाला, "देवाले सगळे ओळखतात, भाऊ. मले कोन ओळखतं?" आमच्या मोहल्ल्यातल्या दर्ग्याच्या दिव्यांवर बुजुर्गांचं नाव एकदा आहे आणि कमिटीच्या सदरसाहेबांचं, म्हणजे अध्यक्षांचं, चार वेळा. मी दोन्ही कामं मन लावून केली. कारागिराने मत देऊ नये, असं वडील सांगायचे. त्यांचं हे सांगणं मी फार इमानाने पाळलं. एकदा नको इतकं.

ती गोष्ट एका चर्चची आहे.

धुळ्याहून साक्रीच्या बाजूला जाताना मोठा रस्ता सोडून आत वळलं की एक गाव लागतं. नाव लिहीत नाही. तिथं गोऱ्या पाद्र्यांच्या काळात बांधलेलं दगडी चर्च आहे, कौलारू, बुटकं, बाहेरून शाळेसारखं दिसणारं. त्याला शंभरावर वर्षं झाली होती म्हणून वेदीचा दर्शनी भाग पितळेने मढवायचं ठरलं. मला कुणीतरी सुचवलं. तिथले पाळक स्वतः एसटीने जळगावला दुकानात आले. पाळक म्हणजे त्यांचे धर्मगुरू. चाळिशीचे, सडपातळ, बोलताना समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारे.

त्यांनी एक कागद पुढे केला. बिशपसाहेबांच्या कचेरीतून आलेला. बिशप म्हणजे या सगळ्या पाळकांचे वरिष्ठ. कागदावर टाइप केलेली यादी होती: सर्वांत वर बिशपची टोपी आणि दंड. त्याखाली किल्ल्या. मधोमध क्रूस. खाली डावीकडे द्राक्षवेल, उजवीकडे नांगर. सर्वांत तळाला कबुतर.

मी म्हटलं, "पाळकसाहेब, एक अडचण आहे. आमच्या घरात जीव कोरत नाहीत. वडिलांनी आयुष्यात एक मोर नाही कोरला. कबुतराचं दुसऱ्या कुणाकडून करून घ्या."

ते म्हणाले, "कबुतर राहू द्या. तुम्ही तुमच्या धर्मात राहून काम करा, मी कचेरीला कळवतो."

असा माणूस. काम घेतलं.

मापं कचेरीनेच दिली होती. टोपी चार बोटं, क्रूस तीन बोटं. टोपी क्रूसापेक्षा मोठी! किल्ल्या कशाच्या, हेही मी विचारलं. पाळकसाहेब म्हणाले, "स्वर्गाच्या दाराच्या. त्या ज्याच्या हाती, त्याला अधिकार." मी मनात म्हटलं, बरोबर आहे, आमच्या सदरसाहेबांच्या कमरेलाही किल्ल्याच असतात. बोललो नाही.

दोन महिने काम चाललं. सगळ्यात मजा आली ती नांगर काढताना. बाकीची चिन्हं परकी होती, नांगर ओळखीचा. त्या चर्चची मंडळी सगळी शेतकरी, तेव्हा त्यांच्या वेदीवर नांगर असणार यात मला काहीच नवल वाटलं नाही. उलट कचेरीतल्या माणसाचं कौतुक वाटलं. लाकडाची नस, लोखंडी फाळ, मुठीला हाताने आलेली झीज, सगळं दाखवलं.

पत्रा घेऊन गावात पोचलो तेव्हा चर्चमध्ये दहा-बारा माणसं जमली होती. कापड काढलं. पाळकसाहेब बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "सलीमभाई, हा नांगर?"

"नांगर."

ते हसायला लागले. हसता हसता खाली बसले. "अहो, यादीतला नांगर जहाजाचा! बंदरात जहाज बांधून ठेवतात तो. आमच्या शास्त्रात आशेला त्याची उपमा आहे."

मी उभ्या जन्मात जहाजाचा नांगर पाहिला नव्हता. खानदेशात समुद्र कुठला? तापीला पूर आला तर आम्ही बघायला जातो, तेवढंच आमचं पाणी. मी म्हटलं, "चूक माझी. पत्रा परत नेतो."

तेवढ्यात मागून एक म्हातारा पुढे आला. डोक्याला उपरणं, पायात टायरच्या चपला, वय पंच्याहत्तरच्या पुढे. याकोब आबा. चर्चची जमीन त्याने चाळीस वर्षं नांगरली होती आणि त्या जमिनीच्या उत्पन्नावर चर्चचं छप्पर शाकारलं जायचं. तो वेदीसमोर उकिडवा बसला आणि नाक पत्र्याला लावून बघायला लागला.

"कोनं काढं हाई?"

"मी, आबा."

"हाई नांगर चालाव नही. फाळ इतला आडवा ठेवा ते जमिनमा रुताव नही. वरच्या वर घसरी." त्याने तळहात तिरका धरून दाखवला. "आसा पाहिजे. आसा."

सगळे हसले, पण तो हसण्यावारी नेणारा नव्हता. त्याची बायको मार्था अक्का बाजूला उभी होती. ती म्हणाली, "सुधारी दे ना भाऊ. नहीते यास्ले झोप येवाव नही."

मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. ते आबाकडे बघत होते. म्हणाले, "राहू द्या हाच. ह्यांना हा कळतो. फाळ तेवढा सरळ करा."

मी तिथेच बसून जुनी रेघ नव्या, खोल रेघेत बुडवून फाळाचा कोन बदलला. आबा शेजारी बसून दाखवत होता. झाल्यावर त्याने बोट फिरवलं आणि म्हणाला, "आते चाली." रविवारी उपासनेनंतर बायका येऊन त्या नांगराला हात लावून गेल्या, असं पाळकसाहेबांनी फोनवर सांगितलं. क्रूसाला वाकून नमस्कार आणि नांगराला हात. मला फार बरं वाटलं. घरी बायकोला दोनदा सांगितलं.

बिशपसाहेबांच्या हस्ते व्हायच्या वेदीच्या समारंभाला आठ दिवस उरले असताना पाळकसाहेबांचा पुन्हा फोन आला. आवाज पडलेला होता. "सलीमभाई, हत्यारं घेऊन या."

गेलो. कचेरीतले सचिव पाहणीसाठी आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात फाईल. त्यांनी माझ्याकडे न बघता पाळकसाहेबांनाच सुनावलं, "ही वेदी आहे की शेतकी प्रदर्शन?"

पाळकसाहेब म्हणाले, "मंडळीला आवडलाय. याचाही अर्थ लावता येतो, साहेब. पेरणी, पीक, कष्ट..."

"अर्थ लावायचं काम तुमचं नाही. चिन्हं आम्ही ठरवायची, ह्यांनी कोरायची, लोकांनी बघायची. बिशपसाहेब येऊन हे बघतील तेव्हा उत्तर कोण देणार? तुमची बदली डोंगरात कुठं होऊ शकते, तुम्हाला ठाऊक आहे."

पाळकसाहेबांची मुलगी तेव्हा धुळ्यात दहावीला होती. त्यांनी पत्र्यावरचा हात काढून घेतला. सचिवांनी मोबाइलवर एक चित्र दाखवलं, कुठल्याशा छापील कागदाच्या कोपऱ्यातलं, नखाएवढं, पुसट. "हा नांगर. असा काढा." आणि ते गाडीत बसून गेले.

पितळेवरचं कोरलेलं पुसता येत नाही. मागच्या बाजूने ठोकून खोलगट भाग वर उचलायचा आणि समोरून कानशीने घासत घासत सपाट करायचा. पत्रा तिथं पातळ होतो आणि नीट बोट फिरवलं तर हलका खळगा लागतो. आम्ही पत्रा वेदीवरून काढून मागच्या खोलीत नेला. तिथं राळ तापवायची सोय नव्हती, म्हणून तो नुसता लाकडी फळीवर ठेवला. कानस मारली की तो सरकायचा.

याकोब आबा दारात येऊन उभा होता. मला वाटलं, आता शिव्या घालणार. तो आत आला, खाली बसला आणि म्हणाला, "पत्रा हाली राहिना. मी धरस."

मी म्हटलं, "आबा, तुम्ही नका."

"धरस म्हनं ना."

त्याने दोन्ही हातांनी पत्रा दाबून धरला आणि मी त्याच्या डोळ्यांसमोर नांगर घासला. मूठ गेली, लाकडाची नस गेली. फाळ खोल होता, त्याला वेळ लागला. पितळेचा पिवळा भुगा त्याच्या बोटांवर, मनगटांवर बसत होता. पूर्ण सपाट झालं तेव्हा तो हात झटकून उठला आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

पत्रा दुकानात नेऊन पुढचे चार दिवस मी राळेवर जहाजाचा नांगर कोरत बसलो. चित्र पुसट होतं. जे दिसत नव्हतं ते मी माझ्या हाताने भरलं. शेजारच्या द्राक्षवेलीला शोभेल अशी त्याची दोन्ही टोकं आत गुंडाळली, वेलीच्या तंतूसारखी. कचेरीला फोटो पाठवला. सचिवांचं उत्तर आलं: सुंदर.

समारंभाला मला बोलावलं होतं. मांडव, पताका, जेवणाच्या पंगती. बिशपसाहेब आले. मी मनात जसा माणूस धरला होता, तसे ते निघाले नाहीत. थकलेले, ठेंगणे, गुडघे दुखत असावेत. प्रार्थना झाल्यावर ते वेदीजवळ वाकून पत्रा बघायला लागले. बघता बघता म्हणाले, "माझी टोपी क्रूसापेक्षा मोठी कुणी केली?"

सचिवांनी फाईल या हातातून त्या हातात घेतली.

बिशपसाहेबांचं बोट फिरत फिरत उजवीकडे आलं आणि नांगरापाशी थांबलं. त्यांना तो खळगा लागला होता. त्यांनी मान वर केली. "इथं आधी काही होतं का?"

पाळकसाहेबांनी खाली पाहिलं. सचिव म्हणाले, "पत्र्याचा दोष आहे, साहेब."

बिशपसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "कारागीर तुम्हीच ना?"

मी त्यांच्यापासून तीन हातांच्या अंतरावर उभा होतो. तिसऱ्या रांगेत याकोब आबा धुतलेलं उपरणं बांधून बसला होता. एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, इथं शेताचा नांगर होता. त्यावर ते रागावले असते की हसले असते, मला माहीत नाही. पण पाळकसाहेबांची बदली माझ्या डोळ्यांपुढे आली, आणि खरं सांगायचं तर माझी स्वतःची अब्रूही. चूक मुळात माझी होती, हे सगळ्या मांडवासमोर उघड झालं असतं.

"हो साहेब," मी म्हटलं. "पत्राच तसा आला होता."

त्यांनी मान हलवली आणि ते पुढे गेले. मला शाल दिली, नारळ दिला, टाळ्या वाजल्या.

निघताना आबा फाटकापाशी भेटला. मी नजर चुकवून जाणार होतो. त्याने थांबवलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, जणू खरंच माहिती हवी होती, "तुनी जीभ बी घशी टाकी का रे, भाऊ?"

जळगावपर्यंतच्या प्रवासात ती शाल मी मांडीवर घेऊन बसलो होतो. घरी आल्यावर कपाटात ठेवली. एकदाही पांघरली नाही.

आबा चार वर्षांनी गेला. मला निरोप नव्हता. महिनाभराने मार्था अक्का तिच्या भाच्याबरोबर दुकानात आली. आबाच्या कबरीवर दगड बसवायचा होता. त्यांच्या कब्रस्तानात दगडावर काय कोरायचं याचीही परवानगी कचेरीतून लागते. पिशवीतून तिने घडी घातलेला अर्ज काढला. पाळकसाहेबांचं अक्षर मी ओळखलं. नाव, वय, मंडळीतली सेवा. खाली: चिन्ह – नांगर. त्याखाली कचेरीची सही, गोल शिक्का आणि 'मंजूर'.

मी दोनदा वाचलं. मग अक्काकडे पाहिलं. तिचा चेहरा स्थिर होता.

"पाळकसाहेबनी लिखं," ती म्हणाली. "खोटं काहीच नही लिखं."

दगडाचं काम माझं नव्हे. दगडाला वेगळी छिन्नी, वेगळा हात. असोद्याला ओळखीचा एक पाथरवट होता, त्याच्याकडे जाऊन आठवडाभर बसलो, शिकलो आणि स्वतःच्या हाताने कोरला. अक्षरं त्याच्याकडून घेतली, नांगर माझा. अक्काने किती द्यायचे विचारलं तेव्हा मी म्हटलं, "एकदा जेवायला घाल." तिने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा घातला. कबरीवर दगड बसवला त्या दिवशी पाळकसाहेब आले होते. आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो, इतकंच.

गेल्या वर्षी माझी मुलगी अलिबागला राहायला गेली. जावयाची नोकरी तिकडे. मी पहिल्यांदा समुद्र पाहिला. सगळे पाण्यात गेले, मी किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या होड्या बघत फिरत होतो. एका होडीखाली वाळूत गंजलेलं लोखंड पडलेलं दिसलं. मी थांबलो. जाळं दुरुस्त करत बसलेल्या म्हाताऱ्या कोळ्याला विचारलं, "दादा, हा नांगर का?"

"मग काय!"

मी वाकून हात फिरवला. लोखंडाचे दोन्ही बाहू वर वळलेले, पण टोकं गुंडाळलेली नव्हती. ती चपटी, धारदार, फावड्यासारखी होती. मी वाळूत बोटाने माझा नांगर काढून दाखवला, वेलीसारख्या टोकांचा. "असा असतो का कुठं?"

तो बघून हसला. "हे कानातलं आहे, नांगर नाही. टोक असं गुंडाळल्यावर तळाला धरेल कसा? होडी जाईल वाहून."

मी वाळूत बसून राहिलो. मुलीला वाटलं, चक्कर आली. सचिवांनी तो पाहिला होता, बिशपसाहेबांनी पाहिला होता, मंडळी इतकी वर्षं दर रविवारी त्याच्यासमोर गुडघे टेकत होती. एकालाही चूक दिसली नव्हती. आणि शेताच्या नांगराचा फाळ जरासा आडवा झाला तर एका म्हाताऱ्याने नाक लावून पकडला होता.

परत आल्यावर मी त्या गावाला गेलो. पाळकसाहेबांची एव्हाना बदली झाली होती. रीतसर, मुलीचं शिक्षण आटोपल्यावर. नवे पाळक घरी नव्हते. चर्चच्या आवारात मार्था अक्का निंबाखाली तूर निवडत बसली होती. मी तिच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. समारंभात बिशपसाहेबांपुढे मी खोटं बोललो, ते. वेदीवरचा नांगर चुकीचा आहे, तो काहीच धरून ठेवणार नाही, तेही. इतक्या वर्षांत हे मी कुणापुढे बोललो नव्हतो.

ती निवडता निवडता ऐकत होती. मग विचारलं, "आते तो नीट कराना शे का तुले?"

"करता येणार नाही, अक्का. पत्रा तिथं फार पातळ झालाय. आणखी घासला तर भोक पडेल."

तिने सुपातला एक खडा वेचून दूर टाकला.

"आबाना दगडवरना बरोबर शे ना?"

"तो बरोबर आहे."

"मंग झायं," ती म्हणाली आणि तूर पाखडायला लागली.